चार्ल्सटनला तीन दिवस: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

आम्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला राहतो. भारतातून कोणी आलं आणि हाताशी तीन-चार दिवस असले की मी त्यांना चार्ल्सटनला नेते. आईबाबांना नेलं, सासूबाईंना नेलं, मुलांच्या मित्रांच्या घरच्यांबरोबरही जाऊन आले. परत आलं की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, काय काय बघितलं, कुठे राहिलात, शाकाहारी मिळतं का. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलेलं बरं.

आधी शहराची रचना डोळ्यांसमोर आणा. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर अ‍ॅशली आणि कूपर या दोन नद्या एकमेकींच्या जवळ येत समुद्राला मिळतात आणि त्यांच्यामध्ये जमिनीची एक चिंचोळी जीभ उरते. जुनं चार्ल्सटन या जिभेच्या टोकाला वसलंय. स्थानिक लोक तिला पेनिन्सुला म्हणतात. इंग्रजांनी १६७० साली अ‍ॅशलीच्या पलीकडच्या काठावर वस्ती केली, दहा वर्षांनी ती इथे हलवली. दुसऱ्या चार्ल्स राजावरून नाव पडलं चार्ल्स टाउन आणि स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर, १७८३ साली, ते चार्ल्सटन झालं. टोकापासून कॅलहून स्ट्रीटपर्यंतचा भाग पायी हिंडण्याजोगा आहे. तुमचे निम्म्याहून जास्त तास इथेच जातील.

माझी पहिली फेरी फक्त रंगीत घरं, चर्चचे मनोरे आणि घोडागाड्या बघण्यात गेली. शहर फार आवडलं, पण घरी आल्यावर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहिलं. एवढे मोठे वाडे कोणाच्या पैशावर उभे राहिले, हे मी विचारलंच नव्हतं. तांदूळ, नीळ आणि कापूस यांतून हा पैसा आला आणि ती शेती आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी केली. तेव्हापासून माझा नेम ठरलाय: प्रत्येक दिवशी देखण्या जागेला जोडून तिची दुसरी बाजू बघायची. खालची आखणी त्याच हिशेबाने केली आहे.

किती दिवस, कोणत्या महिन्यात

तीन दिवस आणि दोन रात्री हे माप योग्य आहे. एका दिवसात उरकायचं म्हटलं तर फक्त फोटो मिळतात. शार्लटहून गाडीने साधारण साडेतीन तास लागतात, रॅलीहून साडेचार, अटलांटाहून पाच. सव्हानाहून जेमतेम दोन तास.

मार्च ते मेचा मध्य आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे सगळ्यात चांगले दिवस. मार्चअखेर अझेलिया फुलतात, बागा गुलाबी होतात आणि हॉटेलचे दरही चढतात. मेच्या शेवटापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत स्पोलेटो हा मोठा कलामहोत्सव असतो. त्यात रस असेल तर जरूर जा, नाहीतर ते आठवडे टाळा, कारण खोली मिळणं कठीण होतं. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या मे महिन्यासारखा घाम निघतो. मुलांच्या सुट्टीमुळे तेव्हाच जमणार असेल तर सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर फिरायचं, मधले तास संग्रहालयात किंवा खोलीवर काढायचे. डिसेंबर-जानेवारीत स्वेटरवर भागतं, दर उतरलेले असतात आणि गर्दी नसते. ज्येष्ठांना नेण्यासाठी मला तेच दिवस आवडतात.

१ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम. म्हणून जायचंच नाही असं नाही, पण ऑगस्ट-सप्टेंबरची खोली घेताना रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशीच घ्या. १९८९ च्या सप्टेंबरमध्ये ह्यूगो वादळाने या किनाऱ्याची धूळधाण केली होती, तिथली मोठी माणसं अजूनही त्याबद्दल बोलतात.

आणखी एक गोष्ट बघायची ती म्हणजे भरतीचं वेळापत्रक. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही असं वाटतं, पण मीच चुकले होते. शहराचा बराच भाग जुन्या खाड्या बुजवून केलेला, अगदी सखल आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठं उधाण आलं, विशेषतः शरद ऋतूत, तर पावसाचा थेंब नसताना रस्त्यावर पाणी चढतं. आम्ही सिटी मार्केटजवळ रस्त्याकडेला गाडी लावून जेवायला गेलो आणि परतलो तेव्हा चाकं अर्धी पाण्यात होती. तेही खारं पाणी. तेव्हापासून जाण्याआधी त्या तारखांची भरती बघते आणि गाडी उंचावरच्या पार्किंगमध्येच ठेवते.

राहायचं कुठे, गाडीचं काय करायचं

पेनिन्सुलावर राहिलात तर सकाळी उठून लगेच पायी निघता येतं. दुपारी खोलीवर येऊन पडताही येतं. हॉटेलं मात्र महाग असतात आणि गाडी ठेवण्याचे पैसे वेगळे लागतात. दुसरा पर्याय कूपर नदीपलीकडचं माउंट प्लेझंट: पूल ओलांडला की दहा-पंधरा मिनिटांत शहरात. समुद्रकिनारेही तिथून जवळ. तिसरा नॉर्थ चार्ल्सटन. विमानतळ तिथेच आहे आणि दर सगळ्यात कमी, पण सकाळ-संध्याकाळ आय-२६ या महामार्गावर गाड्या खोळंबतात.

माझं मत असं: दोन रात्रींचा खर्च जड वाटला तर एक रात्र कमी करा, बाहेरचं जेवण कमी करा, पण राहा पेनिन्सुलावरच. दिवसभराचे पाहुणे निघून गेल्यावर संध्याकाळी साडेसातनंतर या गल्ल्या शांत होतात. गॅसच्या दिव्यांच्या उजेडात चालताना जे शहर भेटतं ते दुपारी भेटत नाही.

गाडी एकदा पार्किंगच्या इमारतीत लावली की तिसऱ्या दिवसापर्यंत विसरा. डॅश नावाच्या बसगाड्या जुन्या भागात फुकट फिरवतात. मीटिंग स्ट्रीटवरच्या व्हिजिटर सेंटरपाशी त्यांचा थांबा आहे. तिथे नकाशे आणि स्वच्छतागृहं आहेत, पार्किंगही शेजारीच आहे, म्हणून सुरुवात तिथून करणं सोयीचं.

निघण्याआधी ही तिकिटं काढा

फोर्ट सम्टर या बंदरातल्या किल्ल्याची बोट, इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियमचं वेळ ठरवून दिलेलं तिकीट, आणि शनिवारचं रात्रीचं जेवण. या तीन गोष्टी आधी ठरल्या की बाकीचं तिथे जाऊन ठरवता येतं. म्युझियम सोमवारी बंद असतं. इतर संग्रहालयांचे वारही बघून घ्या, सगळी आठवडाभर उघडी नसतात.

घोडागाडीत बसायचं असेल तर एक माहीत असू द्या: कोणत्या भागातून फेरी होणार हे तुम्ही ठरवत नाही, गाडीवानही नाही. गर्दी वाटली जावी म्हणून प्रत्येक गाडीला निघतानाच नगरपालिकेच्या सोडतीतून मार्ग मिळतो. आधी पायी फिरून मग गाडीत बसलं तर कुठलाही मार्ग आला तरी वाईट वाटत नाही.

पहिला दिवस: पायी

सकाळी आठला वॉटरफ्रंट पार्कमध्ये पोहोचा. अननसाच्या आकाराचं कारंजं आहे, मुलं त्यात पाय बुडवतात. समोर बंदर. धक्क्यावर छताखाली मोठे झोपाळे टांगलेत. आईला तिथून उठवणं मला कठीण गेलं होतं.

तिथून ईस्ट बे स्ट्रीटने दक्षिणेकडे चाला. ओल्ड एक्स्चेंज ही १७७१ सालची इमारत डावीकडे येते. तिच्याजवळच्या रस्त्यावर उघड्यावर गुलामांचे लिलाव होत. पुढे पाच मिनिटांवर रेनबो रो, म्हणजे एकाला एक लागून असलेली तेरा रंगीत घरं. खाली दुकान आणि वर व्यापाऱ्याचं बिऱ्हाड अशी ही अठराव्या शतकातली घरं पुढे मोडकळीला आली होती. आजचे फिकट रंग १९३० च्या दशकापासून चढले. घरांची तोंडं पूर्वेला आहेत, त्यामुळे सकाळचं ऊन थेट अंगावर येतं आणि फोटो तेव्हाच चांगले येतात. या घरांत लोक राहतात, पायऱ्यांवर बसून फोटो काढू नका.

रस्ता संपतो तिथे द बॅटरी हा समुद्राकाठचा बांध आणि व्हाइट पॉइंट गार्डन लागतं. ओक वृक्षांची सावली, बाक, तोफा. मुलांना सांगायला एक गोष्ट आहे: १७१८ साली स्टीड बॉनेट या समुद्री चाच्याला इथेच फाशी दिलं होतं. मोठ्यांना मी दुसरी गोष्ट सांगते, समोरच्या पाण्याकडे बोट दाखवून. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेतली राज्यं आणि उत्तरेकडचं केंद्र सरकार यांच्यातलं यादवी युद्ध चालू असताना, १३ मे १८६२ च्या पहाटे, रॉबर्ट स्मॉल्स नावाच्या तेवीस वर्षांच्या गुलाम सुकाणूवाल्याने 'प्लँटर' हे दक्षिणेच्या सैन्याचं जहाज याच बंदरातून पळवलं. कप्तानाची टोपी घातली, कप्तानासारखा उभा राहिला, प्रत्येक किल्ल्याला बरोबर शिट्टीची खूण दिली, वाटेत बायकामुलांना चढवलं आणि उत्तरेच्या आरमारापाशी पांढरं निशाण दाखवलं. पुढे तो अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला. बाबांनी ही गोष्ट दोनदा सांगायला लावली होती.

परतताना मीटिंग स्ट्रीट आणि चर्च स्ट्रीटच्या मधल्या गल्ल्यांत वाट चुकायला हरकत नाही. इथे घरं बघायची ती दोन गोष्टी ध्यानात ठेवून. एक, त्यांची बांधणी. रस्त्याकडे घराची अरुंद बाजू, एका खोलीएवढीच रुंदी, आणि लांबच्या लांब पडवी दक्षिणेला किंवा पश्चिमेला, वारा पकडायला. रस्त्यावरचं दार उघडलं की घरात नाही, पडवीत पाय पडतो. पडवीला ते पियाझा म्हणतात. तिचं छत पुष्कळदा फिकट निळं रंगवलेलं असतं. या निळ्याने भुतंखेतं लांब राहतात असा इथल्या गल्ला लोकांचा, म्हणजे गुलामांच्या वंशजांचा, समज. दोन, भिंतींवर मधेच दिसणाऱ्या लोखंडी चकत्या किंवा तारे. ३१ ऑगस्ट १८८६ ला इथे मोठा भूकंप झाला. नंतर अनेक घरांच्या भिंती आरपार लोखंडी गज घालून आवळल्या. त्या गजांची ही बाहेरची टोकं. एकदा ओळखता आली की मुलं रस्ताभर मोजत राहतात.

ब्रॉड आणि मीटिंग स्ट्रीटच्या चौकात चार कोपऱ्यांवर चर्च, नगरपालिका, काउंटीचं न्यायालय आणि केंद्र सरकारचं न्यायालय आहे. पांढऱ्या मनोऱ्याचं सेंट मायकल्स चर्च १७६१ साली पुरं झालं. तिथून चॅमर्स स्ट्रीटला वळा. रस्ता गोट्यांचा आहे, जपून चाला. तिथे ओल्ड स्लेव्ह मार्ट म्युझियम आहे.

१८५६ साली शहराने उघड्यावरचे लिलाव बंद केले. माणसांची विक्री थांबली नाही, ती भिंतींच्या आत गेली. त्यातल्याच एका बाजाराची ही उरलेली वास्तू. संग्रहालय लहान आहे, जास्त करून वाचायचे फलक आहेत. पाऊण तास पुरतो. विकण्याआधी माणसांना अंघोळ घालत, अंगाला तेल लावत, पांढरे केस काळे करत, हे मी तिथे वाचलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, ते लोक गुलामांच्या सुटकेसाठी झटलेले होते. शाळेत हे पाठ केलं होतं. त्या खोलीत उभी राहिले तेव्हा पुण्यात बसलेल्या त्या माणसाला इतक्या दूरच्या माणसांचं दुःख आपलं का वाटलं, ते समजलं. दहा वर्षांच्या आतल्या मुलांना न्यायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी माझ्या मुलीला अकराव्या वर्षी नेलं, रात्री बराच वेळ बोलत बसलो.

दुपारी विश्रांती. मग डॅशने एलिझाबेथ स्ट्रीटवरच्या एकन-रेट हाउसला जा. आतून बघता येणारे वाडे शहरात बरेच आहेत. नॅथॅनियल रसेल हाउसचा आधाराशिवाय वर चढत जाणारा गोल जिना फारच सुंदर आहे. पण एकच वाडा बघायचा असेल तर हाच बघा. याची डागडुजी केली आहे, सजावट नवी केलेली नाही. उडालेला रंग, फाटलेला भिंतीवरचा कागद जसाच्या तसा ठेवलाय. आणि मागच्या अंगणात स्वयंपाकघर, तबेला आणि वर गुलामांच्या खोल्या अजून उभ्या आहेत. दिवाणखान्यातून निघून त्या खोल्यांपर्यंत चालायला दोन मिनिटं लागतात.

दुसरा दिवस: बंदर

सकाळची पहिली बोट धरा. लिबर्टी स्क्वेअरहून सुटते. जाऊन-येऊन सव्वादोन तास, त्यात किल्ल्यावर साधारण एक तास. पहिल्या बोटीने गेलं तर किल्ल्यावर निशाण चढवायला पाहुण्यांनाही हात लावू देतात.

फोर्ट सम्टर हा बंदराच्या तोंडाशी मानवनिर्मित बेटावर बांधलेला विटांचा किल्ला. सिंधुदुर्ग किंवा जंजिरा बघितलेल्या माणसाला तो लहान वाटेल. आता तर त्याचा एकच मजला उरलाय. पण १२ एप्रिल १८६१ ला पहाटे साडेचारला यावर पहिला गोळा पडला आणि अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू झालं. चौतीस तास तोफा चालल्या आणि किल्ला पडला.

आपल्या दृष्टीने त्या पहाटेचा आणखी एक अर्थ आहे. तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून जायचा. युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने चार्ल्सटनसारखी बंदरं रोखली, कापूस अडकला आणि गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं. वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत शेअरांचं वेड पसरलं, समुद्र हटवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये इथलं युद्ध संपलं आणि तिथला फुगा फुटला. प्रेमचंद रायचंद त्या तेजीत वर चढले आणि मंदीत कोसळले. आईच्या नावाने राजाबाई टॉवर उभारायला पैसे त्यांनीच दिले. किल्ल्याच्या भिंतीवर बसून मी हे सांगत होते तेव्हा सासूबाई, ज्या मुंबईच्या फोर्ट भागात तीस वर्षं नोकरीला जात होत्या, त्या म्हणाल्या, "म्हणजे रोज ज्या घड्याळात वेळ बघत होते, त्याची गोष्ट इथपर्यंत येते होय!"

बोटीवर वारा असतो, उन्हाळ्यातही पातळ जाकीट आणि टोपी बरोबर ठेवा. लिबर्टी स्क्वेअरला उतरलात की जवळच, चालत काही मिनिटांवर, गॅड्सडेन्स वॉर्फच्या जागी आफ्रिकन अमेरिकन म्युझियम आहे. २०२३ च्या जूनमध्ये उघडलं. आफ्रिकेतून माणसं भरून आणणाऱ्या जहाजांचा हा धक्का. १८०८ पासून कायद्याने ही आयात बंद होणार होती, म्हणून आधीच्या तीन-चार वर्षांत व्यापाऱ्यांनी इथे जहाजांमागून जहाजं रिकामी केली. इमारत खांबांवर उचलून धरली आहे, कारण खालची जमीन हेच स्मारक आहे. तिथल्या उथळ पाण्याच्या तळाशी जहाजात दाटीवाटीने निजवलेल्या माणसांच्या आकृत्या कोरल्या आहेत. पाणी चढतं तेव्हा त्या बुडतात, ओसरतं तेव्हा दिसतात. आत जायचं जमलं नाही तरी निदान ही बाग बघा. आत गेलात तर अडीच तास ठेवा. तांदळाचं दालन चुकवू नका.

संध्याकाळी पाय चालत असतील तर रेव्हनेल पुलावर जा. २००५ साली झालेला, हिऱ्याच्या आकाराच्या दोन मनोऱ्यांतून तारांनी तोललेला पूल आहे. पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी वेगळी मार्गिका आहे, पैसे लागत नाहीत. पूर्ण ओलांडायची गरज नाही, पहिल्या मनोऱ्यापर्यंत जाऊन मावळतीला परत फिरा.

कॅलहून स्ट्रीटवर मदर इमॅन्युएल चर्च आहे. १७ जून २०१५ च्या रात्री इथे बायबलच्या वाचनाला जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका गोऱ्या वंशद्वेष्ट्या तरुणाने गोळ्या घातल्या. हे प्रार्थनास्थळ आहे, आत सेवा चालू असेल तर बाहेरूनच हात जोडा.

तिसरा दिवस: गाडी काढा

आता शहराबाहेर. दोन दिशा आहेत आणि दोन्ही एका दिवसात बसवू नका.

मला आवडणारी दिशा नैर्ऋत्येची. आधी जेम्स आयलंडवरचं मक्लाउड प्लँटेशन. प्लँटेशन म्हणजे गुलामांच्या श्रमावर चालणारा मळा. मक्लाउडमध्ये लांब धाग्याचा सी आयलंड कापूस पिकायचा. इथले वाटाडे मालकाच्या घरापेक्षा समोरच्या लाकडी खोपटांबद्दल जास्त बोलतात. या खोपटांत अगदी १९९० पर्यंत माणसं राहत होती, हे ऐकून आमच्या गटातलं कोणीच काही बोललं नाही. फिरती वाटाड्यासोबतच करा, एकटे फिरलात तर झाडंच दिसतील. तिथून जॉन्स आयलंडला एंजल ओक. हे झाड काहीशे वर्षांचं आहे, फांद्या जमिनीला टेकून पुन्हा वर आल्यात, सावलीच सतरा हजार चौरस फुटांची. प्रवेश फुकट. आपल्याकडे पारंब्यांचा वड बघितलेला असतो, तरी या झाडाखाली आवाज आपोआप लहान होतो. मग संध्याकाळी फॉली बीच, लांब लाकडी धक्का आणि सूर्यास्त.

दुसरी दिशा अ‍ॅशली नदीच्या काठाने: मॅग्नोलिया, ड्रेटन हॉल, मिडलटन प्लेस. बागा बघायच्या असतील तर हीच. यांतलं एकच निवडा, मी मिडलटन सांगेन. १७४१ पासूनची आखीव बाग आहे, नदीकडे उतरत जाणाऱ्या गवताच्या पायऱ्या आहेत. पण बाबांना मी तिथे नेलं ते भातासाठी. आमचं गाव राजापूरकडचं, खाडीकाठी खारभूमीची शेती. तिथला बांध आणि पाण्याचं दार याबद्दल वाटाड्या सांगत होता. बाबा मधेच माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "अगं, ही तर आपली उघाडी!" मग दोघांनी, माझ्या मोडक्यातोडक्या भाषांतरावर, अर्धा तास गप्पा मारल्या. फरक एवढाच, की आपली उघाडी भरतीचं खारं पाणी अडवते आणि ओहोटीला पावसाचं पाणी सोडते. इथे भरती नदीचं गोडं पाणी मागे रेटते आणि तेच दार उघडून खाचरात घेतात. हे शास्त्र पश्चिम आफ्रिकेतल्या भातशेतीवाल्यांना आधीपासून माहीत होतं. मालकांनी त्यांचे नुसते हात नाही, ती विद्याही फुकट घेतली.

डास आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिलटांसाठी मलम घ्या. ओहोटीला चिखलाचा जो वास येतो तो खाडीचा आहे, काही कुजलेलं नाही.

खाणं

मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. श्रिम्प अँड ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्यांची घट्ट पेज आणि वर कोळंबी. शी-क्रॅब सूप म्हणजे खेकड्याचं दाट सूप, त्यात शेरी हे मद्य असतं, चालत नसेल तर आधी विचारा. थंडीत कालवं.

शाकाहारी लोकांनी जास्त चौकशी करायची. इथे भाजीतही मांस असतं. कॉलर्ड ही पालेभाजी बहुतेक ठिकाणी डुकराच्या हाडाबरोबर शिजवतात, चवळीसारख्या दाण्यांत बेकन पडतं, ग्रिट्ससाठी चिकनचं पाणी वापरतात. "व्हेजिटेरियन आहे का" असं विचारलं तर हो म्हणतील. "यात पोर्क किंवा चिकन स्टॉक आहे का" असं विचारा, म्हणजे नेमकं उत्तर मिळतं. तळलेले हिरवे टोमॅटो, पिमेंटो चीज, मॅक अँड चीज, बिस्किटं (म्हणजे इथले मऊ पाव) मिळतात, पण बिस्किटांतही चरबी असू शकते. खरं सांगते, दोन वेळचे थेपले आणि दशम्या बरोबर ठेवते. सासूबाईंची त्यावर सोय झाली आणि आम्हालाही निवांत खाता आलं.

दोन पदार्थ मात्र आपल्या ओळखीचे. उकडलेल्या शेंगा रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर कागदी पिशवीतून गरम मिळतात, साउथ कॅरोलायनाचा तो अधिकृत खाऊ आहे. आणि बेने वेफर्स, तिळाच्या पातळ गोड चकत्या. बेने म्हणजे तीळ, हा शब्द आणि बी दोन्ही आफ्रिकेतून आलं. भेंडीसुद्धा तशीच आली.

टोपली घ्यायची असेल तर

सिटी मार्केटमध्ये आणि माउंट प्लेझंटच्या हायवेकडेला गल्ला गीची बायका गवताच्या टोपल्या विणत बसलेल्या असतात. गल्ला गीची म्हणजे या किनाऱ्यावरच्या बेटांवर राहिलेले गुलामांचे वंशज. त्यांची भाषाही वेगळी आहे. स्वीटग्रास, पाइनची पानं आणि पामच्या पात्या यांची ही वीण आईकडून लेकीकडे आली आहे. सगळ्यात जुना प्रकार पसरट, भात पाखडायचा. आपलं सूपच. आईने हातात घेऊन दोनदा पाखडून दाखवलं, ती विणणारी बाई हसली आणि तिनेही पाखडून दाखवलं. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं.

किंमत जास्त वाटेल. तळहाताएवढ्या टोपलीलाही बरेच तास लागतात, गवत दलदलीतून आणायचं असतं आणि किनाऱ्यावर घरं वाढल्याने ते मिळणंही कठीण झालंय. घासाघीस करू नका. परवडत नसेल तर लहान गुलाबाचं फूल घ्या, पामच्या पातीचं. फोटो काढण्याआधी विचारा. मार्केटच्याच काही दुकानांत बाहेरून आणलेल्या टोपल्या असतात, म्हणून विणणाऱ्या हातातूनच घ्या.

ज्येष्ठांसाठी, आणि निघताना

फुटपाथ जुन्या फरशांचे आणि मुळांनी उचललेले आहेत. रबरी तळाचे बूट हवेत, चप्पल नको. व्हाइट पॉइंट गार्डन आणि वॉटरफ्रंट पार्क इथे बाक आहेत, मधल्या टप्प्यात कमी. म्हणून पहिल्या दिवसाची फेरी सकाळची बॅटरीपर्यंत आणि चारनंतर उरलेली अशी दोन तुकड्यांत करा. स्वच्छतागृहं व्हिजिटर सेंटर आणि सिटी मार्केटमध्ये मिळतात. जुन्या वाड्यांत लिफ्ट नसते, तिकीट काढण्याआधी जिने विचारा.

रविवारी परतणार असाल तर दुपारी एकच्या आत आय-२६ ला लागा. त्यानंतर किनाऱ्यावरची सगळी गर्दी एकाच रस्त्याने कोलंबियाकडे निघते आणि साडेतीन तासांचे पाच होतात. सोमवारची सुट्टी असेल तर रविवारची रात्रही तिथेच काढा. त्या संध्याकाळी खोल्या स्वस्त असतात आणि बॅटरीवर बाक मोकळे मिळतात.